नवी गाय दावणीला आली की: तिच्याशी बोलायचं कसं, तिचं ऐकायचं कसं

बाजारात गाय दाखवणारा हमखास म्हणतो, "एकदम गरीब आहे, लहान पोरगंसुद्धा धार काढतं." बऱ्याचदा ते खरंही असतं. त्याच्या गोठ्यात, त्याच्या पोराच्या हाताला, ठरलेल्या वेळेला ती गरीबच असते. तुमच्या दावणीला बांधल्यावर तिसऱ्या दिवशी ती बादलीला लाथ घालते, पान्हा चोरते आणि घरात कुजबुज सुरू होते की आपल्याला गंडवलं. कधी गंडवलेलं असतंही. पण बहुतेक वेळा भानगड साधी असते. जनावर नव्या माणसांत आलेलं असतं, त्याच्या खाणाखुणा कुणाला वाचता येत नसतात आणि माणसांकडून त्याला रोज वेगळाच इशारा मिळत असतो.

दोन-चार गाई घेऊन गोठा सुरू करणाऱ्यांसाठी हे लिहितोय. म्हशीला आणि बैलालाही यातलं बरंच लागू पडतं. जिथे फरक आहे तिथे सांगेन. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. जनावराशी बोलायला तोंड सगळ्यात कमी लागतं. तुम्ही कुठे उभे आहात, किती वेगाने सरकताय आणि दाब नेमका कधी सोडताय, हे ते आधी वाचतं. आवाजाचा नंबर त्यानंतर.

सौदा ठरला की विकणाऱ्याला हे विचारा

वेत (कितव्यांदा व्याली ते), कास, दात बघून झाले की लोक पैसे मोजतात आणि दावं हातात घेतात. दहा मिनिटं अजून थांबा. तिला हाक काय मारता? धार कोण काढतं, घरातली बाई की गडी? कुठल्या बाजूने बसतात? वासरू पाजून काढता की तसंच? पाय बांधता की मोकळी उभी राहते? धारेच्या वेळी पुढ्यात काय असतं, पेंड की आंबोण की नुसती वैरण? हाताने की मशीनने?

प्रश्न ऐकून समोरचा हसेल, हसू द्या. शक्य झालं तर तो तिला हाक मारतो ती मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या आणि दोन दिवस पुरेल एवढी त्याच्याकडचीच वैरण मागून आणा. तिच्या ओळखीचं तुमच्याकडे एवढंच असणार आहे.

टेम्पोतून उतरवताना

फाळका खाली पडला की चार माणसं एकदम पुढे होतात. एक जण दावं ओढतो, दुसरा मागून शेपटी पिरगाळतो, तिसरा "हैक, हैक" करत पाठीवर थापट्या मारतो. गाय फळीच्या टोकाला पाय रोवून उभी. मग सगळे म्हणतात, अडेल आहे.

तिला काय दिसतंय ते बघा. गाईचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे तिला एका वेळी जवळजवळ ३३० अंशांतलं दिसतं. थेट शेपटीमागचा पट्टा तेवढा आंधळा. पण दोन्ही डोळ्यांनी मिळून अंतर आणि खोली जोखायला तिच्याकडे समोरची अरुंद पट्टीच असते, आणि तीही डोकं खाली घातल्यावर नीट लागते. तुम्ही दावं वर ओढून धरलं की ती नेमकी आंधळी होते. फळीची कड, उन्हातली सावली, गटाराची जाळी, ओली चकाकणारी फरशी, यातलं काहीही तिला खड्ड्यासारखं दिसू शकतं.

म्हणून आधी दावं सैल सोडा, एवढं की तिचं नाक फळीला टेकेल. फळीवर थोडी माती किंवा पाचट पसरा. माणसं बाजूला करा. दाव्यापाशी एक आणि मागच्या कडेला एक, बस्स. ती हुंगेल, एक पाय पुढे टाकेल, परत मागे घेईल. तो पाय पुढे पडला त्या क्षणी दाव्यावरचा सगळा ताण काढून घ्या आणि गप्प उभे राहा. दोन-तीन मिनिटांत ती स्वतः उतरते. ओढाताणीत याहून जास्त वेळ जातो, शिवाय खूर सोलवटतं ते वेगळंच.

संध्याकाळ झाली असेल तर गोठ्यातला दिवा आधी लावून ठेवा. उजेडातून काळोखात शिरायला जनावर कचरतं, काळोखातून उजेडात सहज जातं. फक्त बल्ब तिच्या डोळ्यांवर येणार नाही असा हवा.

आवाजाचंही तसंच आहे. आपल्याला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, गाईला सुमारे ३५ हजारांपर्यंत. आपल्या कानाला नुसता किरकिर वाटणारा आवाज तिला बोचतो. फाळक्याची साखळी, पत्र्यावर आपटलेली बादली, पोरांच्या शिट्ट्या, हे सगळं त्या अर्ध्या तासापुरतं बंद ठेवा. पोरांना लाल टी-शर्ट काढायला लावायची मात्र गरज नाही. लाल रंगाने बैल चवताळतो ही समजूत खोटी आहे. गाईबैलांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, आपल्या तीन. त्यांना बिथरवतं ते एकाएकी फडफडणारं कापड, मग ते पांढरं धोतर का असेना.

पहिल्या रात्री शेजार कुणाचा द्यायचा

गोठ्यात आधीची जनावरं असतील तर सगळ्यात शांत, जुन्या गाईशेजारी बांधा. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' ही म्हण आपण माणसांच्या संगतीबद्दल वापरतो, पण मुळात ती गोठ्यातलीच आहे आणि अक्षरशः खरी आहे. घाबरलेल्या जनावराच्या मुताच्या वासानेसुद्धा दुसरं जनावर पुढे यायला कचरतं, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. शेजारची गाय निवांत रवंथ करत बसली असेल तर नवीचाही जीव खाली पडतो.

पहिल्या रात्री पाणी आणि सोबत आणलेली वैरण पुढ्यात टाका आणि निघून या. ओवाळायचं असेल तर ओवाळा, पण शेजारच्यांची रांग दुसऱ्या दिवशी लागू द्या.

जवळ जाताना: बुजण्याचं अंतर

प्रत्येक जनावराभोवती एक न दिसणारं कुंपण असतं. तुम्ही त्याच्या बाहेर आहात तोवर ते तुमच्याकडे नुसतं बघतं. आत पाय टाकलात की ते सरकतं. बाटलीने दूध पाजून वाढवलेल्या संकरित गाईचं हे अंतर जवळपास शून्य असतं. माळावर वाढलेल्या खिल्लार जातीच्या जनावराचं बरंच मोठं. खिल्लार चपळ आणि तापट, त्याच्याशी घाई चालत नाही. अमेरिकेतल्या टेम्पल ग्रँडिन या पशुशास्त्रज्ञ बाईंनी जनावरं हाताळण्याची एक पद्धत याच अंतराभोवती मांडली आणि ती जगभर पोचली. त्या स्वतः ऑटिस्टिक आहेत. आपण शब्दांऐवजी चित्रांत विचार करतो, म्हणून जनावराला काय दिसत असेल ते लवकर लक्षात येतं, असं त्या सांगत आल्या आहेत.

त्यातलं रोज लागणारं एवढंच. जनावराचा खांदा हा तराजूचा काटा समजा. तुम्ही खांद्याच्या मागच्या बाजूला, थोडं अंतर ठेवून उभे राहिलात की ते पुढे चालतं. खांद्याच्या पुढे गेलात की थांबतं किंवा मागे सरकतं. गुराखी पोराला हे कुणी शिकवलेलं नसतं, पण तो बरोबर तिथेच उभा राहतो. नवखा माणूस मात्र गाईच्या तोंडासमोर उभा राहून "चल, चल" म्हणत असतो. म्हणजे तोंडाने चल आणि अंगाने थांब. ती अंगाचं ऐकते.

सराव असा करा. गाय मोकळ्या आवारात असताना तिच्या मागच्या कुशीच्या दिशेने तिरके, सावकाश चालत या. थेट मागून नको, तो आंधळा पट्टा आहे आणि दचकली की लाथ बसू शकते. तिने मान वळवली किंवा एक कान तुमच्याकडे फिरवला की तुम्ही कुंपणापाशी आलात. थांबा. अर्धं पाऊल पुढे टाका, ती चालू लागेल. ती चालू लागली की तुम्ही थांबा. हे थांबणं सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि तेच लोकांना जमत नाही. तिने तुमचं ऐकलं आणि तरी दाब चालूच राहिला, तर ऐकण्यात काय फायदा? दोन-चार वेळा असं झालं की ती ऐकणं सोडते. मग तिला काठी लागते आणि तिला 'निगरगट्ट' म्हणायची वेळ आपण आपल्या हाताने आणतो.

हात कुठे लावायचा

गाई एकमेकींना चाटतात ते बघा: मान, गळ्याखालची पोळी, खांद्याच्या वरचा भाग, जिथे स्वतःची जीभ पोचत नाही. हात तिथेच लावायचा. मानेखालून पोळीवर, सावकाश, जरा दाबून. ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी गाईंच्या शरीराचे वेगवेगळे भाग चोळून पाहिले, तेव्हा मानेखालच्या बाजूला हात फिरवल्यावर गाई सगळ्यात जास्त मान लांब करून, कान पाडून उभ्या राहिल्या. मान लांब करणं म्हणजे तिच्याकडून 'अजून' असा निरोप आहे. हात थांबवून बघा. ती मान तुमच्याकडे सरकवते का? सरकवली तर चालू ठेवा. बाजूला गेली तर आजचं पुरे.

पाठीवर थापट्या मारून लाड करायची पद्धत सोडा. तिला थापट म्हणजे मार.

आणि कपाळ. कालवडीच्या किंवा खोंडाच्या कपाळावर हात टेकवून ढकलाढकली खेळायची पोरांना भारी हौस. महिन्याच्या वासराची ढुशी गोड वाटते. पण कपाळाला कपाळ भिडवून ढकलणं ही त्यांच्यात ताकद आजमावायची रीत आहे. तुम्ही त्याला शिकवताय की माणूस हा टक्कर घ्यायच्या लायकीचा प्राणी आहे. दोन वर्षांनी तोच वळू तीन-चारशे किलोचा होतो आणि खेळ तोच खेळतो. घरात हा नियम कडक ठेवा.

आवाज

जगभर जनावरं हाकणाऱ्या माणसांचे आवाज पॅट्रिशिया मॅकॉनेल या अमेरिकी अभ्यासक बाईंनी गोळा केले. भाषा वेगवेगळ्या, पण एक गोष्ट समान निघाली: पळवायचं असेल तर तुटक, आखूड, पुन्हा पुन्हा केलेला आवाज, थांबवायचं किंवा शांत करायचं असेल तर एकच लांब, उतरत जाणारा सूर. आपलं "च्यक च्यक च्यक" आणि "होऽऽऽ" यांत बरोबर बसतं. बैल पाणी पिताना लांब शीळ घालणारे शेतकरी तुम्ही पाहिले असतीलच.

कुठला शब्द वापरता याला फारसं महत्त्व नाही. घरातल्या सगळ्यांनी तोच वापरायला हवा, याला आहे. आजोबा "हो" म्हणून थांबवतात, मुलगा "हो हो" करत पळवतो आणि सून "ए बाई, चल ना" म्हणते. अशा घरात गाय कुणाचंच ऐकत नाही, आणि तिचं बरोबर असतं. चार आवाज ठरवा: ये, चल, थांब, आणि पाय मागे घे. भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

नावाबद्दल एक. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाने २००९ मध्ये ५१६ दूध उत्पादकांना प्रश्न विचारून अभ्यास केला. गाईंना नावाने हाक मारणाऱ्या गोठ्यांत वेताला सरासरी २५८ लिटर दूध जास्त निघालं. वर्तमानपत्रांनी 'नाव ठेवा, दूध वाढवा' असे मथळे दिले. मला ते पटत नाही. कपिला म्हटल्याने कासेत दूध येत नाही. पण जो माणूस प्रत्येक गाईला नावाने ओळखतो तो तिचं खाणं, शेण, चाल हेही रोज बघत असतो. नाव ठेवाच, फक्त त्यामागचं काम विसरू नका.

धार: रोजचं सगळ्यात नाजूक बोलणं

पान्हा सोडणं तिच्या मर्जीचं वाटतं, पण ते मर्जीपेक्षा खोलवरचं आहे. कासेला ओळखीचा स्पर्श झाला, वासराने ढुसणी दिली किंवा नुसता बादलीचा रोजचा आवाज आला, की मेंदूतून ऑक्सिटोसिन रक्तात उतरतं आणि कासेतल्या बारीक पिशव्या आवळून दूध सडांत येतं. याला एक-दीड मिनिट लागतं आणि परिणाम जेमतेम पाच ते सात मिनिटं टिकतो. मधेच ती दचकली किंवा तिला मार बसला, तर अॅड्रेनलिन सुटतं आणि ते पान्हा अडवतं. मग तुम्ही सड ओढत बसता, ती लाथा झाडते आणि आत राहिलेलं दूध दगडीला (कास सुजण्याच्या रोगाला) आमंत्रण देतं.

म्हणून क्रम रोज तोच ठेवा.

१. गोठ्यात शिरताना ठरलेली हाक. तिने मान वळवली की आत जा.

२. रोजच्या बाजूने, मांडीला हात लावत लावत खाली बसा. एकदम कासेला हात घालू नका.

३. कोमट पाण्याने कास धुवा, कोरडी पुसा, थोडी चोळा. वासरू सोडायचं असेल तर याच वेळी.

४. पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या भांड्यात काढून बघा. गाठी किंवा पाणी दिसलं तर ती काहीतरी सांगतेय.

५. मग न थांबता, पाच-सात मिनिटांत धार पुरी करा. मधे फोन घ्यायचा नाही.

म्हशीला पान्हा सोडायला गाईपेक्षा जास्त वेळ लागतो आणि ती माणसाच्या बदलाला जास्त रुसते. सवयीची ताकद बघायची असेल तर कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जा. भोवती गाड्यांचे हॉर्न, गिऱ्हाइकांची गर्दी, आणि म्हैस रस्त्याकडेला उभी राहून निवांत पान्हा सोडते. लोक धारोष्ण दुधाचे पेले रिचवतात. तिला शांतता लागत नाही. हात, माणूस आणि क्रम ओळखीचा लागतो. त्याच कोल्हापुरात दिवाळीत सजवलेल्या म्हशी मालकाच्या मोटरसायकलच्या आवाजामागे भर गर्दीत धावतात. हजार आवाजांतून त्यांनी तो एक आवाज पाठ केलेला असतो.

पान्हा सोडत नाही म्हणून ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचणारे आजही आहेत. दूध वाढवण्यासाठी असं काही टोचणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हा एक भाग. दुसरा असा की एकदा सुईची सवय लागली की तुमच्या हाताला आणि हाकेला अर्थच उरत नाही.

तिचं ऐकणं

इथवर आपण बोलायचं बघितलं. आता उलट बाजू, आणि ती जास्त मोठी आहे. रोज संध्याकाळी दहा मिनिटं गोठ्यात नुसतं बसा, हातात काम न घेता. आजारी गाय ओळखायची तर आधी निरोगी गाय पाठ हवी.

रवंथ हे पहिलं माप. धडधाकट गाय दिवसाचे सात-आठ तास रवंथ करते. एक घोट वर आला की साधारण ५० ते ६० वेळा चावते, गिळते, क्षणभर थांबते आणि पुढचा घोट येतो. तो घोट मानेतून वर चढताना डोळ्यांना दिसतो. एकदा दिसला की रोज दिसायला लागतो. चावणं ४० च्या खाली आलं किंवा दुपारी सगळ्या गाई रवंथ करताहेत आणि एक नुसती बघत उभी आहे, तर ताप येण्याआधी मिळालेली ती बातमी असते.

कान: दोन्ही सैल, थोडे मागे किंवा बाजूला पडलेले, तर ती निवांत. टवकारलेले, तर कशावर तरी नजर आहे. एक कान तुमच्याकडे आणि एक वैरणीकडे, तर तिचं बरं चाललंय. दोन्ही मागे घट्ट आवळलेले आणि नाकपुड्या ताणलेल्या, तर दुखतंय.

डोळा: पांढरं जितकं जास्त दिसेल तितकी ती अस्वस्थ. नॉर्वेतल्या अभ्यासकांनी यावर मापं घेतली आहेत, पण साध्या डोळ्यांनाही कळतं.

शेपूट: माशा हाकलणारी शेपूट सैल, झोका घेत फिरते. माशा नसताना फटकारे मारणारी शेपूट म्हणजे तुमचा कंटाळा आलाय. दोन पायांत घट्ट दाबलेली म्हणजे भीती, थंडी किंवा दुखणं. लाथ येण्याआधी वजन एका पायावरून दुसऱ्यावर जातं, पाय जरा उचलून परत टेकतो. हा इशारा असतो आणि तो दुर्लक्षिला की पुढची लाथ लागते. घोडा मागे झाडतो. गाय पाय पुढे आणून बाहेरच्या बाजूला फिरवते, म्हणून तिच्या कुशीला अगदी चिकटून बसणं दोन फूट लांब बसण्यापेक्षा सुरक्षित.

स्वतःच्याच पोटावर लाथा मारणं, पाठीला पोक काढून उभं राहणं, दात खाणं, कण्हणं: यातलं काहीही दिसलं तर घरगुती काढे बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना फोन करा.

हंबरण्याचे प्रकार आठवड्याभरात ओळखू येतात. वासराजवळ उभी असताना ती तोंड जवळजवळ मिटून खर्जातला हुंकार देते. वासरू दिसेनासं झालं की तोंड उघडून वरच्या पट्टीत. इंग्लंडमध्ये हे मोजलं गेलं: जवळचा सूर सुमारे ८१ हर्ट्झ, लांबचा सुमारे १५३. आणि प्रत्येक गाईचा आवाज वेगळा, वासराला आपली आई त्यावरून कळते.

भूक लागली की ती गव्हाण ढोसते, पाणी हवं असलं की टाकीकडे बघते आणि मग तुमच्याकडे. लंडनच्या संशोधकांनी शेळ्यांवर प्रयोग केलाय: उघडत नाही असा डबा समोर आला की शेळी डब्याकडे आणि माणसाकडे आळीपाळीने बघते, मदत मागते. अशा बघण्याला लगेच उत्तर द्या. फक्त गोंगाटाला देऊ नका. ओरडली की वैरण टाकायची, असं चार दिवस केलंत की पाचव्या दिवसापासून पहाटे चारला गोठा तुम्हाला उठवेल. क्षणभर गप्प झाली की वैरण टाका.

माज

थोडक्यात सांगतो, कारण यावर तुमचे डॉक्टर नीट सांगतील. साधारण २१ दिवसांनी गाय माजावर येते: सारखी हंबरते, खाणं आणि दूध कमी करते, दुसरीवर चढते किंवा चढू देते, काचेसारखा चकचकीत बळस (योनीतून गळणारा चिकट स्राव) दिसतो. दुसरी चढली तरी शांत उभी राहणं ही सगळ्यात पक्की खूण. सकाळी दिसली तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसली तर दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हशीत मुका माज फार. तिच्या खुणा रात्री आणि पहाटे दिसतात, दिवसा तुम्ही बघत बसलात तर चुकणार.

बैलाबाबत

खोंड औताला शिकवताना जुन्या बैलाच्या जोडीला जुंपतात ते उगाच नाही. कासऱ्याचं तंत्र दाव्यासारखंच: ज्या बाजूला वळवायचं त्या बाजूचा कासरा हलका ताणा, मान वळली त्या क्षणी सैल. वेसणीतून नाकावर येणारा ताण त्याला लगेच कळतो, म्हणून झटके मारायची गरज पडत नाही. ताण सोडायला उशीर करणारा माणूस बैलाला निगरगट्ट बनवतो, मग म्हणतो बैल ओढाळ निघाला.

पराणीची टोचणी, शेपटी पिरगाळणं हे सोडाच. १९६५ च्या ओझ्याच्या जनावरांबद्दलच्या नियमांत टोकदार काठीला बंदी आहे, दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग पाच तासांवर विश्रांतीशिवाय नाही, आणि पारा ३७ अंशांवर असेल तर दुपारी १२ ते ३ काम नाही. दमलेला बैल हे सगळं आधीच सांगत असतो: जीभ बाहेर, तोंडाला फेस, पावलं आखूड, मग बसकण. बसकण मारेपर्यंत थांबायचं नसतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला हळद आणि लोणी लावून बैलाचे खांदे चोळतात आणि "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणतात. मला या रिवाजातलं चोळणं जास्त आवडतं. जू कुठे काचतंय ते त्या दिवशी बोटांना कळतं. वर्षातून एकदाच कशाला, नांगरटीच्या दिवसांत रोज रात्री खांद्यावरून हात फिरवा. जिथे कातडी थरारते तिथे उद्याचं आवाळू (सुजेची गाठ) बसलंय.

कधी लांब राहायचं

तुमच्या बाजूला आडवा उभा राहून पाठ फुगवणारा, हनुवटी आत घेऊन माती उकरणारा वळू खेळत नसतो. तो आपला आकार दाखवतोय. नजर त्याच्यावर ठेवून, तिरके मागे सरकत बाहेर या. पाठ दाखवून पळू नका. नुकती व्यालेली गाय, मग ती कितीही गरीब असो, वासरू आणि तिच्यामध्ये कुणी आलं की मारू शकते. कुत्रं बरोबर घेऊन तर तिच्याकडे जाऊच नका.

एक धोका लोक ओळखत नाहीत. गाय सारखी घोगऱ्या आवाजात ओरडतेय, लाळ गळतेय, पाणी गिळता येत नाही. सगळ्यांना वाटतं घशात काहीतरी अडकलंय आणि कुणीतरी तोंडात हात घालतं. हा रेबीज असू शकतो. हात घालू नका, लाळ अंगाला लागू देऊ नका, डॉक्टरांना बोलवा. लाळ लागलीच तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

धार काढणारा माणूस बदलायचा असेल तर

ही वेळ प्रत्येक गोठ्यावर येते: लग्न, आजारपण, गडी सोडून जाणं. गाय माणूस चेहऱ्याने, कपड्यांनी, वासाने ओळखते आणि कोणी त्रास दिला ते लक्षात ठेवते. डेन्मार्कमध्ये वेगवेगळ्या रंगांचे कपडे घातलेल्या माणसांवर प्रयोग झाले, तेव्हा गाई मार देणाऱ्यापासून लांब उभ्या राहिल्या. जागाही त्या लक्षात ठेवतात, म्हणून इंजेक्शन किंवा शिंगं डागणं धारेच्या जागी कधीही करू नका, दुसरीकडे बांधून करा.

नव्या माणसाने आधी तीन-चार दिवस फक्त वैरण-पाणी द्यावं. मग जुना माणूस धार काढत असताना त्याच्या शेजारी बसावं, ठरलेले चारच आवाज वापरावेत. त्यानंतर नव्याने कास धुवायची, धार जुन्याने काढायची. मग धार नव्याने, जुना डोक्याशी उभा. शेवटी जुना गोठ्याबाहेर. मधल्या दिवसांत दूध थोडं घटेल, त्याला घाबरून घाई करू नका. जुन्या माणसाने धारेला जो सदरा किंवा टॉवेल वापरला असेल तो न धुता पहिले काही दिवस नव्याला द्यायचा.